लेकराच्या भेटीचे दिवस लिहून घ्या



फारकत नवरा-बायकोची होते, लेकराची नाही. १९५५ चा हिंदू विवाह कायदा बौद्धांनाही लागू आहे. त्याच्या कलम २६ प्रमाणे न्यायालय मुलाचा ताबा, खर्च व शिक्षण ठरवते. पुढे ते बदलताही येते.

बाप बल्लारपूरला, आई कुरखेड्याला, मग "अधूनमधून भेट" असे मोघम लिहून कसे चालेल? वार, वेळ, ठिकाण, एस.टी.चे भाडे कोणाकडे, सारे लिहा. पावसाळ्यात रस्ता बंद पडला तर भेट पुढच्या रविवारी. बुद्धपौर्णिमा आईकडे, तर १६ ऑक्टोबरला बापासोबत चंद्रपूरची दीक्षाभूमी.

पोटगी थकली म्हणून भेट अडवू नका. भेट हुकली म्हणून पोटगी रोखू नका. उपाशी लेकरूच राहते.

स्त्रियांना व अनुसूचित जातींना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो. तो हक्क आहे, मागून घ्या.