ब्रेक दोन टनांचे, ओझे वीस टनांचे

दसरा-दिवाळी उलटली, की धाराशिव जिल्ह्यातल्या रस्त्यांचे रूपच पालटते. कळंब, ढोकी, उमरगा, कुठल्याही अंगाला जा. एका ट्रॅक्टरमागे उसाने लादलेल्या दोन-दोन ट्रॉल्या डुलत चाललेल्या असतात. अपघात झाला, की आपण ड्रायव्हरला बोल लावून मोकळे होतो. पण हा प्रश्न स्वभावापेक्षा हिशेबाचा आहे.

माझी हयात बँकेत आकडेमोड करण्यात गेली, तेव्हा इथेही तीच करतो. समजा, ट्रॅक्टर २ टनांचा आहे. ताशी २० किलोमीटर वेगाने तो एकटाच निघाला, तर ब्रेक लागल्यावर साधारण ४ मीटरांत थांबेल. ट्रॉल्या जोडून एकूण वजन २० टन झाले आणि ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसले, तर रोखणारी ताकद तेवढीच आणि ओझे दहापट. म्हणजे अंतरही दहापट, ४० मीटर! वेग ३० केला तर ९०. आणि वीस फुटांमागे एक फूट उतार असेल, तर ओढ ब्रेकवर मात करते. गाडी थांबतच नाही. तुळजापूरच्या घाटात डिझेल वाचवायला गिअर काढणे किती महागात पडेल, ते यावरून ताडावे. ट्रॅक्टरच्या ब्रेकची दोन पॅडले रस्त्यावर खिटीने जोडलेली नसली, तर एकच चाक आवळले जाते आणि मागचे ओझे ट्रॅक्टरला आडवे ढकलते.

ब्रिटनमध्ये मोटारीमागे फिरते घर ओढून सहलीला जाण्याची हौस आहे. तिथे भारासह ७५० किलोंपेक्षा जड ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे आहेत. ट्रेलर पुढे रेटू लागला, की त्या रेट्यानेच त्याचे ब्रेक लागतात. युक्ती साधी आहे.

आपल्याकडे वाहतुकीचे पैसे टनावर मिळतात. ब्रेकचे कोणी देत नाही. मग गरजू माणूस ट्रॉली शिगेला भरणारच. काट्यावर वजन होते, तिथेच ब्रेक आणि मागचे लाल रिफ्लेक्टर पाहिले, तर कारखान्याचे काय बिघडेल?

तोवर आपण एवढे करावे : ओव्हरटेक करून उसाच्या ट्रॅक्टरपुढे एकदम थांबू नये. त्याने मनापासून ब्रेक दाबला, तरी वीस टन ऐकत नाहीत. दुचाकीवरून शाळेला निघालेल्या मुलांना हे आज जेवतानाच समजावून सांगा.