झाडाची साल आणि कॅन्सरचे औषध

घरात कॅन्सरचे निदान झाले की सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. कोणी म्हणते, अमक्या झाडाची साल उकळून पाजा. कोणी म्हणते, झाडपाल्याने गुण आला नाही तरी अपाय तर होत नाही! बंधू-भगिनींनो, खरा धोका या दुसऱ्या वाक्यात आहे.

झाडात औषध असते, हे खोटे नाही. आपल्याच नंदुरबारला १९२५ साली जन्मलेले मनसुख वाणी मुंबई विद्यापीठात शिकले व पुढे अमेरिकेत संशोधक झाले. त्यांनी आणि मन्रो वॉल यांनी १९६६ साली एका चिनी झाडातून 'कॅम्प्टोथेसिन' हे द्रव्य वेगळे केल्याचे जाहीर केले. १९७१ साली त्यांनीच अमेरिकेतील 'यू' वृक्षाच्या सालीतील 'टॅक्सॉल'ची रचना उलगडली. कॅन्सरच्या पेशी भराभर वाढतात. टॅक्सॉल त्यांचे विभाजनच अडवते. आज ते पॅक्लिटॅक्सेल या नावाने सलाइनमधून देतात.

कॅम्प्टोथेसिन आपल्या सह्याद्रीतही सापडले. महाबळेश्वर-आंबोलीकडच्या रानात 'नरक्या' नावाचे झाड आहे. गोविंदाचारी आणि विश्वनाथन या शास्त्रज्ञांनी १९७२ साली त्यात हे द्रव्य असल्याचे दाखवले. मग या लाकडाला परदेशातून मागणी आली, बेसुमार तोड झाली आणि झाड दुर्मीळ होत गेले.

आता महत्त्वाची गोष्ट. झाडातून काढलेले हे द्रव्य सुरुवातीला रुग्णांना देऊन पाहिले, तेव्हा मूत्राशयाला गंभीर इजा होऊ लागली. चाचण्या थांबवाव्या लागल्या. पुढे त्याच्या रचनेत बदल करून टोपोटेकन आणि आयरिनोटेकन ही औषधे तयार झाली; १९९६ साली अमेरिकेत त्यांना मान्यता मिळाली. म्हणजे शोधापासून औषधापर्यंत तीस वर्षे गेली! आजही ती देताना रक्त तपासतात, रुग्णाच्या उंची-वजनावरून मात्रा ठरवतात.

मग घरी पातेल्यात उकळलेल्या सालीत किती द्रव्य उतरले, हे कोण मोजणार? एका झाडात कमी, दुसऱ्यात जास्त. शिवाय केमोथेरपी चालू असताना असा काढा घेतला, तर मूळ औषधाच्या कामातही बिघाड होऊ शकतो.

म्हणून एवढे लक्षात ठेवा. चालू उपचार मध्येच सोडू नका. काढा घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका. ते रागावतील म्हणून गप्प बसणे महागात पडते. केस गळाले, उलट्या झाल्या म्हणून घाबरू नका, पण ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. पैशाची अडचण असेल तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरच्या उपचारांचा समावेश आहे. योजनेतील रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसतात, त्यांना रेशनकार्ड दाखवून विचारा.

झाडाने औषध दिले हे खरे. पण ते माणसाच्या कामी आले, ते मोजल्यामुळे आणि तपासून पाहिल्यामुळे.