नाव बदलायचे की अर्ज?

मागच्या जूनमध्ये भाचीच्या शिष्यवृत्तीचा ऑनलाइन अर्ज भरायला बसलो. सुरुवातच नावाने. तीन चौकटी : पहिले नाव, मधले नाव, आडनाव. तिन्ही भरल्याशिवाय पुढचे पान उघडत नाही.

आमच्या मराठवाड्यात नाव लिहिण्याची एक जुनी रीत आहे. मुलाचे नाव सलीम आणि वडिलांचे उस्मान असेल तर कागदावर तो होतो 'शेख सलीम शेख उस्मान'. शब्द चार, चौकटी तीन. पहिला शेख आडनावाच्या चौकटीत टाकला, तर दुसऱ्याचे काय करायचे? दहावीच्या गुणपत्रिकेवर नाव एका क्रमाने, आधारवर दुसऱ्या, बँकेच्या पासबुकावर तिसऱ्याच. माणसाला कळते की ही एकच व्यक्ती आहे. संगणकाला कळत नाही. अर्ज परत आला : 'नाव जुळत नाही.' भाची म्हणाली, "मामू, मग माझं खरं नाव कोणतं?"

पुढे प्रतिज्ञापत्र, तालुक्याच्या फेऱ्या, तिच्या अब्बांचे बुडालेले रोज.

अशा वेळी दोन प्रतिक्रिया हमखास ऐकू येतात. बाहेरचे म्हणतात, या लोकांना फॉर्म भरता येत नाही. आपले म्हणतात, हे मुद्दाम केले आहे. मला दोन्ही पटत नाहीत. ज्याने ह्या चौकटी आखल्या, त्याच्या डोळ्यांसमोर त्याचे स्वतःचे नाव होते, एवढेच. ते तीन शब्दांचे असणार. पण हेतू वाईट नव्हता म्हणून जबाबदारी संपत नाही. वापरणारा कोण आहे, हे जाऊन पाहणे हा त्याच्या कामाचाच भाग होता.

ते पाहण्याच्या पद्धती अवघड नाहीत. १९८२ साली क्लेटन लुईस यांनी आयबीएममध्ये असताना एक साधी रीत मांडली : माणसाला काम करायला द्या, मनात येईल ते मोठ्याने बोलायला सांगा आणि आपण गप्प बसून ऐका. 'तुम्हाला संकेतस्थळ आवडले का?' असे विचारून फार काही मिळत नाही. लोक भिडेखातर 'चांगले आहे' म्हणतात. बोट कुठे थांबले, हे पाहावे लागते. जेकब निल्सन यांनी २००० साली लिहिले की अशी पाच माणसे पाहिली तरी बहुतेक दोष सापडतात. हे 'पाच' फार प्रसिद्ध झाले. मात्र त्याच लेखात ते पुढे सांगतात की वापरणारे वेगवेगळ्या गटांतले असतील, तर प्रत्येक गटातली माणसे बसवावी लागतात. हे वाक्य सोयीने विसरले जाते. एकाच ऑफिसातली पाच माणसे बसवली, तर शेख सलीम शेख उस्मान त्यांना कधीच भेटणार नाही.

आणि हा प्रश्न फक्त आमचा नाही. दक्षिणेत अनेकांना आडनावच नसते, वडिलांच्या नावाचे आद्याक्षर असते. म्हणूनच वेबची मानके ठरवणारी डब्ल्यूथ्रीसी ही संस्था सुचवते की नावाचे तुकडे खरोखर हवे आहेत का, ते आधी तपासा. नसतील तर पूर्ण नावासाठी एकच चौकट ठेवा. ब्रिटनच्या सरकारी डिजिटल सेवेने २०१२ साली आपली तत्त्वे जाहीर केली. त्यातले पहिलेच गरजांपासून सुरुवात करण्याचे आहे. गरजा वापरणाऱ्यांच्या, खात्याच्या नव्हेत.

काहीजण सांगतात, मुलांची नावे आता तीन शब्दांची ठेवा, कटकट मिटेल. व्यवहार म्हणून मीही सर्व कागदांवर एकच नाव ठेवा असेच सांगेन. पण चौकटीत बसावे म्हणून बापदादांची रीत सोडायला सांगणे म्हणजे चपलेच्या मापाने पाय कापणे.

माझी मागणी छोटी आहे. नवा अर्ज सुरू करण्यापूर्वी तो बनवणाऱ्याने एक दिवस तालुक्याच्या सेतू केंद्रात बसावे. तिथला फॉर्म भरणारा मुलगा रोज पन्नास जणांच्या अडचणी निस्तरतो. कोणती चौकट कुणाला अडवते, हे त्याला तोंडपाठ असते. त्याला आजवर कुणी विचारलेले नाही.