अतिथि, अंतेवासी आणि कर्मकर

अलीकडे दर दोन-चार महिन्यांनीं वर्तमानपत्रांत एक वार्ता ठळक अक्षरांत येते : अमुक देशानें भारतीयांना व्हिसाविना प्रवेश खुला केला. ती वाचून आपल्या घराघरांतून आनंद होतो, आणि तो अस्थानीं आहे असें कोणी म्हणणार नाहीं. वकिलातीच्या दारीं ताटकळत उभें राहणें, बँकेचीं खातीं उघडून दाखविणें आणि शेवटीं कारण न कळतां नकार पदरीं घेणें, हा अनुभव ज्यानें घेतला असेल त्याला या वार्तेचें मोल सांगावयास नको. परंतु ‘व्हिसाविना प्रवेश’ या शब्दांचा अर्थ लावतांना चांगल्या सुशिक्षित मंडळींचीही गफलत होते, आणि तिची किंमत बहुधा घरांतील तरुण मुलाला मोजावी लागते. म्हणून या महिन्यांत त्या शब्दांचाच नीट विचार करण्याचें योजिलें आहे.

प्रथम दोन कागदांतील भेद पाहूं. पासपोर्ट, ज्याला आपण पारपत्र म्हणतों, तो आपल्या सरकारनें दिलेला दाखला. ‘हा आमचा नागरिक आहे’ एवढेंच तो सांगतो. व्हिसा हा दुसऱ्या सरकारनें दिलेला प्रवेशाचा परवाना. यांपैकीं दुसरा कागद माफ झाला म्हणजे व्हिसाविना प्रवेश मिळाला. पण ही माफी कोणाला, हा खरा प्रश्न आहे. आपल्या जुन्या भाषेनें दारीं येणाऱ्या परक्याला तीन निरनिराळीं नांवें दिलीं आहेत. थोडा काळ राहून निघून जाणारा तो अतिथि. विद्येसाठीं गुरूच्या जवळ वास करणारा तो अंतेवासी. आणि वेतन घेऊन काम करणारा तो कर्मकर; पाणिनीनें हें रूप वेतनाच्याच अर्थीं मुद्दाम वेगळें साधून दिलें आहे. आजचे बहुतेक देश हाच भेद पाळतात. व्हिसाची माफी असते ती अतिथीला. अंतेवासी आणि कर्मकर यांना ती सहसा लागू नसते. या लेखांत सांगावयाचें तें मुख्यतः एवढेंच.

परवान्याची ही कल्पना पाश्चात्त्यांनींच प्रथम काढली असेंही समजण्याचें कारण नाहीं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत ‘मुद्राध्यक्ष’ नांवाचा स्वतंत्र अधिकारी सांगितला आहे. एक माषक घेऊन त्यानें मुद्रा द्यावी. जिच्यापाशीं मुद्रा असेल त्या व्यक्तीनेंच जनपदांत यावें किंवा तेथून बाहेर जावें. मुद्रेविना सांपडलेल्या स्वदेशीय माणसाला बारा पण दंड. खोटी मुद्रा बाळगणाऱ्याला त्याहून मोठा. आणि तो खोटी मुद्रावाला परदेशी असेल तर सर्वांत मोठा दंड. म्हणजे परक्या माणसाच्या खोट्या कागदाकडे राजसत्ता पूर्वींपासूनच अधिक कठोर दृष्टीनें पाहात आली आहे.

आमच्या बीड जिल्ह्याला तर या विषयाचा धडा घरबसल्या मिळालेला आहे. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता आणि शेजारचा नगर जिल्हा इंग्रजी मुलखांत. आष्टीकडचा मनुष्य नगरच्या वाटेला लागला कीं मध्येंच राज्य बदले, हाली शिक्का जाऊन कलदार रुपया येई, आणि नाक्यावर करोडगिरीचे शिपाई गांठोडें सोडून पाहात. गांठोड्यावर कर असे. माणसाला मात्र एरव्हीं कोणी अडवीत नसे. लग्नकार्याला, यात्रेला, सोयरिकीला लोक खुशाल जात-येत. अतिथीला दार उघडें होतें.

पण नोकरीचें नांव काढलें कीं तेंच दार बंद होई. १९१९ सालीं निजाम सरकारनें मुल्की नियम जारी केले. संस्थानची नोकरी साधारणपणें ‘मुल्की’ माणसालाच मिळावयाची. आणि बाहेरून आलेल्याला मुल्की व्हावयाचें तर पंधरा वर्षांचा कायम निवास आणि मूळ ठिकाणीं परतण्याचा विचार सोडल्याचें शपथपत्र द्यावें लागे. विद्यार्थ्यांची गोष्ट आणखी निराळी. १९३८ सालीं ‘वंदे मातरम्’ म्हटल्याबद्दल उस्मानिया विद्यापीठांतून काढून टाकलेल्या विद्यार्थ्यांना नागपूर विद्यापीठानें आश्रय दिला. पुढें पंतप्रधान झालेले नरसिंह राव त्यांच्यांतलेच. हैदराबादहून नागपूरला जाणें त्यांना अवघड नव्हतें. अवघड होतें तें तेथें प्रवेश देणारें विद्यापीठ मिळणें. एकच सीमा, पण तिघांना तीन प्रकारची. मुल्की नियमांची मुळें इतकीं खोल गेलीं होतीं कीं ते रद्द करण्यासाठीं संसदेला १९७३ सालीं स्वतंत्र कायदा करावा लागला.

आतां आजच्या अतिथीकडे वळूं. स्मृतिकारांनीं एक रात्र राहतो तो अतिथि अशी व्याख्या केली आहे. म्हणजे अतिथीचा मान दिवसांनीं मोजलेला असतो. आजचे नियमही तसेच आहेत. मलेशियानें १ डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना व्हिसा माफ केला तो ३० दिवसांपुरता, आणि पोंचण्यापूर्वीं आपली माहिती त्यांच्या सरकारला संगणकावरून कळविण्याची अट घालून. थायलंडनें २०२३ च्या नोव्हेंबरांत अशीच ३० दिवसांची सवलत दिली आणि जुलै २०२४ मध्यें ती ६० दिवसांची केली. युरोपांतील शेंगेन देशसमूहांत कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस ही पाहुण्याची मर्यादा. येण्याचा व जाण्याचा असे दोन्ही दिवस तींत धरतात. तेथें जाण्यास आपल्याला व्हिसा लागतो, अमेरिकेचा नागरिक झालेल्या आपल्याच मुलाला लागत नाहीं. पण दिवसांची ही मोजणी बापलेकांना सारखीच लागू आहे.

शिवाय व्हिसा माफ झाला म्हणून चौकशी माफ झाली असें नव्हे. परतीचें तिकीट, राहण्याचें ठिकाण, खर्चापुरता पैसा हें सर्व विमानतळावरील अधिकारी विचारूं शकतो आणि समाधान न झाल्यास परत पाठवूं शकतो. व्हिसाच्या वेळीं वकिलातींत होणारी परीक्षा येथें उंबऱ्यावर होते, एवढाच फरक. आणि दिलेली सवलत काढूनही घेतां येते. सर्बियानें भारतीयांची अशी सवलत १ जानेवारी २०२३ पासून बंद केली. म्हणून दोन वर्षांपूर्वींच्या कात्रणावर भिस्त ठेवून तिकीट काढणें शहाणपणाचें नव्हे. निघण्याच्या आधीं त्या देशाच्या वकिलातीची ताजी सूचना पाहावी.

या नियमाला ठळक अपवाद आपल्या शेजारींच आहे. ३१ जुलै १९५० रोजीं भारत आणि नेपाळ यांच्यांत जो मैत्रीचा करार झाला, त्याच्या सातव्या कलमानें निवास, मालमत्ता, व्यापार आणि संचार यांबाबत एकमेकांच्या नागरिकांना समान सवलती देण्याचें ठरलें. तेथें माफी केवळ अतिथीची नाहीं. भूतानचें मात्र तसें नाहीं. तेथेंही आपल्याला व्हिसा लागत नाहीं. पण प्रवेशाचा परवाना घ्यावा लागतो, आणि सप्टेंबर २०२२ पासून भारतीय पाहुण्यावर रात्रीमागें १,२०० रुपयांचें शुल्क बसविण्यांत आलें.

अंतेवासीची वाट अधिक लांबची, पण स्पष्ट आखलेली असते. जर्मनीचें उदाहरण घेऊं, कारण आपल्या मुलांचा ओढा सध्यां तिकडे बराच आहे. तेथील बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाहीं, हें ऐकून पालक निश्चिंत होतात. परंतु विद्यार्थ्याचा व्हिसा मागतांना वर्षभराच्या निर्वाहाची रक्कम आधींच एका बंद खात्यांत ठेवून दाखवावी लागते. सप्टेंबर २०२४ पासून ती ११,९०४ युरो ठरली, आणि महिन्याला तिचा बारावा भागच काढतां येतो. काम करण्याची मुभा आहे, पण तीही मोजून : २०२४ च्या मार्चपासून वर्षांत १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस. ‘आधीं पाहुणा म्हणून जा, मग तेथेंच विद्यार्थी हो’ हा सल्ला ऐकून निघणारा मुलगा बहुधा अर्ध्या वाटेवरून परत येतो.

सर्वांत मोठा धोका आहे तो कर्मकराला, आणि त्याविषयीं लिहितांना मला आमच्या जिल्ह्याचीच अधिक काळजी वाटते. दरवर्षीं दिवाळीच्या सुमारास बीडमधून लक्षावधि माणसें ऊसतोडीसाठीं पश्चिम महाराष्ट्रांत आणि कर्नाटकांत जातात. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून उचल घ्यावयाची आणि बिऱ्हाड गाडींत घालून निघावयाचें. त्यांचे हाल काय होतात हा स्वतंत्र विषय आहे. पण वाटेंत त्यांना परवाना कोणी विचारीत नाहीं, कारण देशांत कोठेंही जाण्याचा आणि राहण्याचा हक्क घटनेच्या एकोणिसाव्या कलमानें प्रत्येक नागरिकाला दिलेला आहे. पिढ्यान्पिढ्या अशी संवय झालेल्या मुलखांत कोणी दलाल येऊन ‘व्हिसा लागतच नाहीं, कागद तेथें गेल्यावर करूं’ असें म्हणाला, तर तें कोणाला खटकत नाहीं. मुकादम निदान उचल देतो; हा दलाल उलट आपल्याकडूनच पैसे घेतो, हेंही लक्षांत येत नाहीं.

पुढें काय होतें याचीं उदाहरणें ताजीं आहेत. इराणनें ४ फेब्रुवारी २०२४ पासून भारतीय प्रवाशांना १५ दिवसांपुरता व्हिसा माफ केला होता, तोही केवळ पर्यटनासाठीं. नोकरीचें किंवा पुढें तिसऱ्या देशांत पोंचविण्याचें आमिष दाखवून दलालांनीं त्याच वाटेनें माणसें नेलीं. तेथें पोंचल्यावर कित्येकांना पळवून खंडणी मागण्यांत आली. शेवटीं २२ नोव्हेंबर २०२५ पासून इराणनें ती सवलतच स्थगित केली. मार्च २०२५ मध्यें थायलंडच्या सीमेवरील माए सोत येथून आपल्या सरकारला पांचशेंहून अधिक भारतीयांना वायुदलाच्या विमानांनीं परत आणावें लागलें. चांगल्या नोकरीच्या आशेनें निघालेलीं हीं माणसें म्यानमारमध्यें संगणकावरून लोकांना फसविण्याच्या कामाला जुंपलीं गेलीं होतीं. पाहुणा म्हणून शिरलेल्या माणसाला मजुरीचा हक्क नसतो. म्हणून मालक त्याला दाबतो, आणि पोलिसांकडे जावें तर अपराधी तोच ठरतो.

याविरुद्ध आपल्या कायद्यांत उपाय आहे. १९८३ च्या उत्प्रवास कायद्यानें परदेशीं नोकरी लावून देणाऱ्या दलालाला सरकारांत नोंदणी सक्तीची केली आणि त्यानें घ्यावयाच्या मोबदल्याला ३०,००० रुपये व त्यावरील कर एवढी मर्यादा पुढें नियमांनीं घातली. जो मॅट्रिक झालेला नाहीं, त्याला ठराविक देशांत कामाला जाण्यापूर्वीं सरकारची मंजुरी घ्यावी लागते. त्या देशांच्या यादींत आखातांतील राज्यांबरोबर मलेशिया आणि थायलंड हींही नांवें आहेत, हें मुद्दाम ध्यानांत ठेवावें. तोच देश अतिथीला व्हिसाविना घेतो, आणि त्याच देशांत कामाला जाणाऱ्या अल्पशिक्षित माणसाला आपलेंच सरकार आधीं थांबवून त्याचे कागद तपासतें.

आमच्या भागांतील एका गृहस्थांनीं आपल्या मुलासाठीं अशाच एका दलालाला अनामत देऊन ठेवली होती. थायलंडांतील उपाहारगृहांत नोकरी, व्हिसाची कटकट नाहीं, असें त्यांना सांगण्यांत आलें होतें. त्यांना मी एवढेंच सुचविलें कीं मालकाचें नेमणूकपत्र आणि दलालाचा नोंदणी क्रमांक, या दोन गोष्टी कागदावर मागा. महिनाभर ‘आज देतों, उद्यां देतों’ चाललें, आणि मग त्याचा दूरध्वनि लागेनासा झाला. अनामत बुडाली. मुलगा घरीं राहिला. आतां तो बीडलाच एका दुकानांत काम करतो आणि बापावर थोडा रागावलेलाही आहे. त्या रागाचें मला दुःख होत नाहीं.

आपल्यापैकीं ज्यांचीं मुलें परदेशचे नागरिक झालीं, त्यांनींही हा भेद स्वतःच्या घरांत पाहावा. भारतीय वंशाच्या विदेशी नागरिकाला ओसीआय कार्ड मिळतें. तें असलें कीं आपल्या नातवाला जन्मभर व्हिसाविना येथें येतां येतें, शिकतां येतें, खासगी नोकरीही करतां येते; अतिथि, अंतेवासी आणि कर्मकर अशीं तिन्हीं दारें त्याला बहुतांशीं उघडीं आहेत. तरी त्याला मत देतां येत नाहीं, शेतजमीन विकत घेतां येत नाहीं. आणि पत्रकारिता, संशोधन, धर्मप्रचार यांसारख्या कामांना वेगळी अनुज्ञा लागते. आजोबांची शेती पुढें कोणाकडे जावयाची, याचा विचार अशा घरांनीं वेळींच केलेला बरा.

तेव्हां पुढच्या वेळीं अशी वार्ता वाचली कीं तिला तीन प्रश्न विचारावे. ही माफी किती दिवसांची? ती केवळ पाहुण्यासाठीं आहे, कीं शिकण्यासाठीं आणि काम करण्यासाठींही? आणि ती आज चालू आहे काय? घरांत सहलीचा बेत असेल तर पहिलें आणि तिसरें उत्तर पुरे. पण मुलगा पोटासाठीं निघाला असेल, तर दुसऱ्या प्रश्नाचें लेखी उत्तर हातांत पडेपर्यंत त्याची पेटी भरूं नये.