काळाचें देणें

काळाचें देणें फेडल्यावांचून चांगली कलाकृति जन्मास येत नाहीं. तें आधीं फेडावें कीं काम करतांना फेडावें, एवढाच काय तो विकल्प. परंतु घरांतील एखादा मुलगा महिनेच्या महिने एकाच रचनेंत गढून गेला व दाखविण्याजोगें कांहींच हातीं आलें नाहीं, कीं वडीलधाऱ्या मंडळींस तो आळशी वाटूं लागतो. हा निवाडा करण्यापूर्वीं विलायतेंतील एक उदाहरण पाहण्याजोगें आहे.

लिव्हरपूलच्या चार तरुणांचा ‘बीटल्स’ हा गायक-वादकांचा संच सर्वश्रुत आहे. ११ फेब्रुवारी १९६३ ह्या एका दिवसांत त्यांनीं लंडनमधील ॲबी रोडवरील ध्वनिमुद्रणगृहांत १० गाणीं मुद्रित केलीं. शेवटचें गाणें रात्रीं झालें. सर्दीनें जॉन लेननचा घसा बसत आला होता. तरी त्याचा पहिलाच प्रयत्न कायम ठेवण्यांत आला.

त्याच मंडळीस त्याच वास्तूंत ‘सार्जंट पेपर्स लोन्ली हार्ट्स क्लब बँड’ ही १३ गाण्यांची ध्वनिमुद्रिका सिद्ध करावयास मात्र पांच महिने लागले. नोव्हेंबर १९६६ मध्यें बसलेली बैठक पुढील एप्रिलांत उठली. ऑगस्टांतच त्यांनीं जाहीर जलसे सोडले होते. त्यामुळें ह्यांचा झरा आटला असावा, अशी कुजबुज वृत्तपत्रांतून सुरू झाली.

आंत काय चाललें होतें? ‘अ डे इन द लाइफ’ हें गाणें जानेवारींत हातीं घेतलें, परंतु मधल्या भागांत काय असावें तें सुचेना. तेव्हां त्यांनीं चार मात्रांचे २४ खंड चक्क रिकामे सोडले. एक साहाय्यक मोठ्यानें आंकडे मोजीत राहिला, आणि मोजणी संपल्याची खूण म्हणून गजराचें घड्याळ वाजलें. तीन आठवड्यांनीं, १० फेब्रुवारीस, ४० वादक बोलावण्यांत आले. प्रत्येकानें आपल्या वाद्याच्या खालच्या स्वरापासून आपल्याच गतीनें वर चढावें, अशी सूचना संयोजक जॉर्ज मार्टिन ह्यांनीं दिली. रिकामी जागा अशी भरली. घड्याळाचा गजर मात्र गाण्यांत तसाच राहिला.

ह्या संथपणास चालढकल म्हणतां येणार नाहीं. त्यांच्या फितीवर चारच ध्वनिमार्ग असत. ते भरले कीं एकत्र करून दुसऱ्या फितीवरील एक-दोन मार्गांवर उतरवावे लागत. आणि एकदां मिसळलेले स्वर पुन्हां वेगळे करतां येत नसत. म्हणजे पायरीपायरीस निर्णय होता, आणि तो परत न फिरणारा होता.

मग १९६३ चें एका दिवसाचें काम उथळ होतें काय? मुळींच नाहीं. त्यामागें हँबुर्ग व लिव्हरपूल येथील गाण्याच्या अड्ड्यांतून रात्रीमागून रात्री तासन्‌तास केलेली मेहनत होती. अब्दुल करीमखाँसाहेबांच्या तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडीमागें जन्माचा रियाज उभा असे, तसेंच हें. ज्यानें आधीं फेडलें त्यास एक दिवस पुरतो. ज्यास नवी वाट पाडावयाची आहे, त्यास चालतां चालतां फेडावें लागतें.

तेव्हां गृहस्थहो, अशा मुलास “केव्हां संपणार?” असें विचारूं नये. “ह्या आठवड्यांत काय ठरविलेंस, काय टाकून दिलेंस?” असें विचारावें. त्यास उत्तर देतां आलें, तर तो कामांत आहे असें समजून त्याचे महिने मोजूं नयेत. दोनचार आठवडे उत्तरच मिळालें नाहीं, तर मात्र त्यास आळस म्हणण्यास प्रत्यवाय नाहीं.