टेप कुठे धरायचा?

रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने 1970 साली आपल्याच जिल्ह्यातल्या जामखेडला काम सुरू केले, तेव्हा प्रश्न होता हाडकलेल्या पोरांचा. फारशी अक्षरओळख नसलेल्या गावातल्याच बायका आरोग्य सेविका झाल्या, मुलांची वजने करू लागल्या, आणि कुपोषण म्हणजे काय हे आयांना आयांच्याच भाषेत सांगू लागल्या. अशा मुलखात ‘अंगाने भरली’ हे कौतुकच असणार. ‘खात्यापित्या घरची’ या शब्दांत आजही थोडा मान आहे. म्हणून ‘बाई, तुम्ही लठ्ठ आहात’ या वाक्याने आपल्या ओपीडीत काही साधत नाही. उलट पुढच्या वेळी बाई येत नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी (2019-21) सांगते की, महाराष्ट्रात 15 ते 49 वयाच्या 23.4 टक्के स्त्रियांचे वजन प्रमाणाबाहेर आहे आणि 20.8 टक्के स्त्रियांचे प्रमाणापेक्षा कमी. दोन्ही टोके एकाच वेळी, कधी एकाच घरात. त्यातही ही मोजणी बीएमआय 25 ची रेघ धरून झालेली आहे. भारतीयांसाठी 23 पासून सावध व्हायचे, हे 2009 सालच्या तज्ज्ञांच्या एकमतानंतर आपण सगळेच जाणतो. केसपेपरवर मात्र ते क्वचित उतरते.

पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचे ते प्रसिद्ध छायाचित्र आठवा. 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये ते आणि लंडनचे जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे आहेत. बीएमआय दोघांचा सारखाच, 22.3. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2. काट्यावर सडपातळ दिसणारा आपला माणूस पोटात चरबी बाळगून असतो. म्हणून वजनकाट्याइतकाच टेप महत्त्वाचा: कंबरेच्या घेराची मर्यादा पुरुषांना 90 सेंटीमीटर, स्त्रियांना 80.

आता खरी अडचण. आशाताई तिशीपुढच्या प्रत्येकाचा आजारांचा धोका जोखणारा जो सीबॅक फॉर्म भरतात, त्यात कंबरेच्या घेराला 2 पर्यंत गुण आहेत आणि एकूण 4 च्या वर गेले की तपासणीला प्राधान्य मिळते. पण ‘कंबर’ म्हटले की बाई परकराची नाडी जिथे बांधते तिथे हात ठेवते. मोजायचे असते शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून झाल्यावर. निऱ्यांच्या घडीवरून टेप फिरवला की घेर फुगतो. आणि पोट सुटलेल्या पुरुषाच्या पट्ट्याच्या जागी धरला की घटतो. ओसरीवर चार माणसांत बाई पदर बाजूला करणार नाही, हेही गृहीत धरा. आशांच्या मासिक बैठकीत अर्धा तास एकमेकींच्या घेरावर सराव झाला, तर तो एखाद्या भित्तिपत्रकापेक्षा जास्त कामाचा ठरेल.

साखरेबद्दल बोलायला आपला जिल्हा जरा अवघडतो, आणि ते स्वाभाविक आहे. 1950 साली विठ्ठलराव विखे पाटलांनी प्रवरेकाठी उभा केलेला सहकारी साखर कारखाना आपल्या अभिमानाचा विषय. पण हिशेब साधा आहे. दिवसाला पाच चहा, प्रत्येकी दोन चमचे, म्हणजे जवळजवळ 50 ग्रॅम. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या मार्गदर्शिकेनुसार वरून घातलेली साखर 25 ग्रॅमच्या आत हवी. ‘चहा सोडा’ म्हणू नका. पाहुणा आल्यावर तो कुणाकडूनच सुटत नाही. चमचा अर्धा करा म्हणा.

श्रीरामपूर-राहात्याच्या बागायतीत पोट दिसते तरी. पाथर्डीकडच्या ऊसतोड मजुराकडे टेप घेऊन कुणी वळतच नाही, कारण तो वाळलेला दिसतो. याज्ञिकांचे छायाचित्र त्याच्यासाठीही आहे. टोळ्या दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात. तेव्हा त्या गावांतली मोजणी दसऱ्याच्या आत उरकायला हवी.