बळीआधी काय घडले?

प्रशिक्षण शिबिरात वजिराचा बळी दाखवायचा म्हटले, की रॉटलेवी विरुद्ध रुबिनस्टाइन (लॉड्झ, १९०७) हा डाव हमखास निघतो आणि बहुधा बाविसाव्या खेळीपासूनच मांडला जातो. काळ्याचा हत्ती सी३वरचा घोडा मारतो, वजीर मारात तसाच राहतो, दुसरा हत्ती डी२वर घुसतो. पंचविसाव्या खेळीला हत्ती एच३वर येताच एच२वरची मात टळत नाही आणि पांढरा डाव सोडतो. मुले थक्क होतात, पण हाती फारसे काही लागत नाही. कारण डावाचा कल त्याच्या बराच आधी फिरला होता आणि नेमके तेच आपण गाळतो.

टॅराश बचावातल्या या डावात पांढऱ्याने वजीर आधी डी२वर आणि मग ई२वर नेला. उंट डी३वर आणला, सी४वरचे प्यादे मारायला धाडला आणि पुन्हा डी३वर घेतला. पंधराव्या खेळीला त्याने कॅसलिंग केले, तेव्हा दोन्ही फौजा हुबेहूब सारख्या उभ्या होत्या. फक्त काळ्याचा एक हत्ती डी८वर पोचला होता आणि पाळीही काळ्याचीच होती. पांढऱ्याची आघाडी इथेच काळ्याकडे गेली. पुढे पांढऱ्याने एफ आणि ई प्यादी रेटून स्वतःच्या राजासमोरचा कर्ण उघडला. तरीही रुबिनस्टाइन यांनी घाई केली नाही. उरलेला हत्ती सी८वर आणला आणि मगच उंटाने बी६वरून शह दिला. पांढऱ्याचा ए१वरचा हत्ती मात्र शेवटपर्यंत जागचा हलला नाही.

यावर कुणी म्हणेल, की चुका पांढऱ्याच्या होत्या, यात काळ्याचे कर्तृत्व ते काय? पण प्रतिस्पर्ध्याने दवडलेली खेळी ओळखून ती कामी लावणे हेच तर शिकवायचे आहे. संगणकाच्या काळात असे जुने डाव कशाला, हा आक्षेपही टिकत नाही. २०१३मध्ये वाइक आन झी इथे आनंद यांनी काळ्या मोहऱ्यांनी अरोनियन यांना २३ खेळ्यांत हरवले. तो मेरान प्रकार होता आणि आनंद यांची घरची तयारीही होती. तरी उंटाची डी३-सी४-डी३ ही फेरी, एफ४ची खेळी, जी४वरचा घोडा आणि कर्णावर आलेला उंट, सगळे तेच. आनंद यांनाही रुबिनस्टाइन यांचा डाव आठवला. बळी मुलांना वर्गाकडे खेचतो हे खरे, म्हणून तो गाळू नये, नंतर दाखवावा. आधी पंधराव्या खेळीनंतरचा पट मांडा, पाळी काळ्याची आहे एवढेच सांगा आणि कोण वरचढ, का, हे मुलांकडून काढून घ्या.